आधी यादी, मग यंत्र

‘आचार्यांनी जिलेब्या तळल्या.’ हे वाक्य मी बारा-तेरा वर्षांपूर्वी एका ई-बुक रीडरवर वाचलं आणि क्षणभर वाटलं, तळल्या असतील, विनोबांच्या काळचे कोणी स्वावलंबी आचार्य असतील. पुढच्या पानावर नायक ‘दर्यांतून’ बैलगाडी हाकू लागला, तेव्हा गडबड लक्षात आली. लेखकाने आचाऱ्यांना जिलेब्या तळायला लावलं होतं आणि गाडी दऱ्यांतून नेली होती. यंत्राला ‘ऱ्या’ जमत नव्हता, म्हणून त्याने र उचलून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार करून ठेवला. स्वयंपाकी विद्वान झाले, खोरी समुद्र झाली. भाच्याने परदेशातून मोठ्या हौसेने आणलेलं ते यंत्र मी दोन दिवसांत कपाटात ठेवलं आणि ‘हे आपल्यासाठी नाही’ असा निकालही देऊन टाकला. तो निकाल घाईचा होता, हे कबूल करायला ही प्रस्तावना बरी जागा आहे.

मी चौतीस वर्षं मुद्रितशोधन केलं. खिळ्यांच्या छपाईची शेवटची वर्षं पाहिली, मग डीटीपी, मग युनिकोड. या पुस्तकाच्या लेखकाने प्रस्तावनेसाठी विचारलं तेव्हा मी म्हटलं, एखादा संगणकातला माणूस बघा. तो म्हणाला, ‘संगणकातला माणूस यंत्राचं कौतुक करेल. तुम्ही पान बघाल.’ पुस्तकाची तीन प्रुफं वाचून झाल्यावर मला त्याचं म्हणणं पटलं आहे. कोणता रीडर घ्यावा, या प्रश्नावर इंग्रजीत लिहिलेलं ढीगभर सापडतं, पण ते लिहिणाऱ्याला ‘ऱ्या’ची चिंता नसते आणि दिवाळी अंकाचा आकार त्याला ठाऊक नसतो. मराठी वाचकासाठी पहिल्या पानापासून मराठी पान समोर ठेवून लिहिलेलं असं पुस्तक माझ्या पाहण्यात हे पहिलंच.

सुरुवातीला एका शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे फोटोकॉपीला जसं झेरॉक्स म्हणतात आणि वनस्पती तुपाला डालडा म्हणत, तसं सगळ्या ई-बुक रीडरना ‘किंडल’ म्हणतात. किंडल हा ॲमेझॉनचा रीडर. कोबो मूळ कॅनडाचा, आता जपानच्या राकुतेन कंपनीचा. पॉकेटबुक युरोपातला, बूक्स चिनी. यांतलं पहिलं बाळ मात्र सोनीचं: २००४ मध्ये जपानात आलेला ‘लिब्रिए’. सोनीने पुढे २०१४ मध्ये या धंद्यातून अंग काढून घेतलं. किंडल नोव्हेंबर २००७ मध्ये ३९९ डॉलरना बाजारात आला आणि पहिला साठा साडेपाच तासांत संपला. सगळ्यांत आधी आलेला दुकान बंद करून बसला आणि तीन वर्षं मागून आलेला घराघरांत नाव झाला. असं का झालं, हे समजलं तर या पुस्तकातला अर्धा विषय समजतो.

पडद्यामुळे झालं नाही. पडदा दोघांचा एकाच घराण्यातला होता, ई-इंक. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमधून १९९७ मध्ये निघालेल्या त्याच नावाच्या कंपनीचा. केसाच्या जाडीएवढ्या सूक्ष्म कुप्या, कुपीत पारदर्शक द्रव, द्रवात पांढरे आणि काळे कण. पांढऱ्यांवर धन भार, काळ्यांवर ऋण. खालून विजेचा इशारा मिळाला की एक जात वर येते, दुसरी बुडते. एकदा वर आलेले कण वीज काढून घेतली तरी तिथेच राहतात, म्हणून बॅटरी खर्च होते ती मुख्यतः पान उलटताना, आणि एक चार्जिंग आठवडे पुरतं. मोबाइलचा पडदा डोळ्यांत उजेड टाकतो; इथे खोलीतला उजेड पानावर पडून परत येतो, कागदासारखा. उन्हात गच्चीवर बसून वाचता येतं. दिवा हवा तर तो कडेने पानावर पडतो. एक खोड आहे: मागच्या पानाची पुसट सावली कधीकधी पुढच्या पानावर उरते आणि ती घालवायला पडदा मधूनच काळा होऊन लुकलुकतो. ओल्या शाईच्या फर्म्यावर दुसरा फर्मा ठेवला की जे व्हायचं ते आठवून मला या दोषाची जवळीकच वाटते.

तर फरक पडला तो दुकानामुळे. ॲमेझॉनने यंत्राच्या पोटातच दुकान घातलं. पलंगावर पडल्या पडल्या पुस्तक विकत घ्यायचं आणि मिनिटभरात वाचायला लागायचं, संगणकाला वायर जोडायला नको. सोनीचा पहिला अमेरिकी रीडर घेणाऱ्याला ती वायर जोडावी लागत होती. त्या रीडरला लिनक्सवर चालवता यावं म्हणून कॅलटेकमध्ये शिकणाऱ्या कोविद गोयल या भारतीय तरुणाने २००६ मध्ये एक छोटा प्रोग्राम लिहिला. तोच आजचा ‘कॅलिबर’. फुकट, मुक्त आणि ई-पुस्तकांच्या फाइलचा कुठलाही साचा (फॉरमॅट) कुठल्याही साच्यात बदलून देणारा. सोनीचा रीडर गेला, त्याच्यासाठी लिहिलेला प्रोग्राम राहिला. या पुस्तकातलं कॅलिबरचं प्रकरण लेखकाने मागे ठेवलं आहे. माझं ऐकाल तर ते आधी वाचा.

दुकान पोटात असण्याची सोय जितकी खरी, तितकीच तिची किंमतही. पूर्वीचं रेशनकार्ड आठवा: कार्ड ज्या दुकानाला लावलेलं, धान्य तिथूनच. किंडल घेतला की तुम्ही ॲमेझॉनच्या कार्डावर चढता, कोबो घेतला की कोबोच्या. ईपब हा २००७ मध्ये ठरलेला सामायिक साचा. कोबो, पॉकेटबुक आणि इतर बहुतेक जण तो थेट वाचतात. ॲमेझॉनने मोबिपॉकेट ही फ्रेंच कंपनी २००५ मध्ये विकत घेऊन तिच्या साच्यावर आपलं घर बांधलं. २०२२ पासून ‘सेंड टु किंडल’ने ईपब पाठवता येतं, पण ते वाटेत त्यांच्या साच्यात बदलून पोचतं. आणि साचा कुठलाही असो, विकत घेतलेल्या पुस्तकाला बहुधा कुलूप असतं. किल्ली दुकानदाराकडे.

या किल्लीच्या दोन गोष्टी मी प्रत्येकाला सांगतो. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनला कळलं की ऑर्वेलच्या दोन पुस्तकांच्या काही प्रती विकणाऱ्याकडे मुळात हक्कच नव्हते. त्यांनी त्या प्रती गिऱ्हाइकांच्या किंडलमधून परस्पर पुसून टाकल्या आणि पैसे परत केले. त्यांतलं एक पुस्तक ‘१९८४’ होतं, म्हणजे नकोसा मजकूर पुसून टाकणाऱ्या राजवटीवरचीच कादंबरी; हा विनोद कोणाला ठरवूनही सुचला नसता. एका विद्यार्थ्याने त्या पुस्तकावर काढलेली टिपणं निराधार झाली, प्रकरण कोर्टात गेलं, जेफ बेझोसने माफी मागितली. दुसरी गोष्ट २०१९ची: मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं आणि दुकानाबरोबर विकलेली पुस्तकंही बंद झाली. तिथेही पैसे परत मिळाले. पण ग्रंथालयातून पुस्तक हरवलं की वर्गणीदार दंड भरतो. इथे दुकानदार पैसे देऊन पुस्तक घेऊन जातो, आणि आपण विकायला काढलं होतं का, हे कोणी विचारत नाही. दुकानांच्या अटींत हे लिहिलेलं असतं: तुम्ही घेता तो वाचायचा परवाना. फेब्रुवारी २०२५च्या अखेरीस ॲमेझॉनने आपल्या संकेतस्थळावरून विकत घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून वायरने किंडलमध्ये घालायची सोयही काढून घेतली. स्वतःच्या फायली वायरने घालता येतात. त्यांच्याकडून घेतलेली पुस्तकं मात्र त्यांच्याच हातून यायची.

म्हणून किंडल घेऊ नका, असं मी म्हणत नाही. माझ्याकडे आज किंडलच आहे. कारण साधं आहे. विकत घ्यायची मराठी ई-पुस्तकं मला हवी आहेत, आणि ॲमेझॉनने डिसेंबर २०१६ मध्ये मराठीसह पाच भारतीय भाषांची पुस्तकं किंडलवर आणल्यापासून तिथलं मराठी कपाट भरत गेलं. कोबो यंत्र म्हणून मला जास्त आवडतो. तो उघडून दुरुस्त करता यावा म्हणून २०२४ पासून त्या कंपनीने सुटे भाग आणि मार्गदर्शनाची सोय केली, ही गोष्ट माझ्यासारख्या जुन्या माणसाला सुखावते. पण आपल्याकडे ज्यांच्या हातात कोबो दिसतो, त्यांतल्या बहुतेकांना तो कोणीतरी परदेशातून आणून दिलेला असतो. टोरांटोत किंवा मेलबर्नमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाचा हिशेब याच्या उलट लागेल: तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाची ई-पुस्तकं कोबोवर उसनी घेता येतात आणि इंग्रजी वाचन त्यावर फुकटात भागतं. मराठी पुस्तकांसाठी त्याला दुसरी वाट काढावी लागेल. एकाच यंत्राबद्दल ठाण्याचा आणि टोरांटोचा सल्ला वेगळा, हे या लेखकाने ओळखलं, आणि म्हणून त्याने ‘सर्वोत्तम रीडर’ नावाचं प्रकरण लिहायचं टाळलं. प्रकाशकाला ते हवं होतं, असं कानावर आलं आहे.

आता मराठी पुस्तकं असतात तरी कुठे, ते पाहू. काही ॲमेझॉनवर. पुष्कळशी ‘बुकगंगा’ या ऑनलाइन दुकानात, जी त्याच्या स्वतःच्या ॲपमध्ये उघडतात. म्हणजे किंडलवर किंवा कोबोवर नाही. ती वाचायची तर अँड्रॉइड चालणारं काहीतरी लागतं, आणि इथे बूक्ससारख्या रीडरचं पारडं जड होतं: पडदा ई-इंकचा, पोटात अँड्रॉइड, एकाच यंत्रावर दोन-तीन दुकानांची ॲप. बॅटरी लवकर उतरते, मेनू गोंधळाचा आहे, आणि व्हॉट्सॲप टाकायचा मोह झाला की रीडरचा मोबाइल होतो. पण दुकानांच्या भिंती त्यात कमी.

मग फुकटचा खजिना. ई-साहित्य प्रतिष्ठानने कित्येक वर्षं मोफत मराठी पुस्तकं वाचकांना पाठवली. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची जुनी, एरवी कुठेही न मिळणारी पुस्तकं संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. मराठी विकिस्रोतावर स्वयंसेवक एकेक पान तपासत जुने ग्रंथ चढवत असतात. त्या मंडळींना माझा बिरादरीतला नमस्कार. आपल्या कायद्यात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी प्रताधिकार संपतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे २०११ पासून ‘श्यामची आई’ सर्वांची झाली. हरिभाऊ आपटे, गडकरी, श्रीपाद कृष्ण कोल्हटकर तर कधीच. हे सगळं वाचायला कुठल्याच दुकानाचं कार्ड लागत नाही.

पण यातलं बरंचसं पीडीएफमध्ये आहे आणि सहा इंची रीडरचा खरा वैरी पीडीएफ आहे. ईपबमधला मजकूर पाण्यासारखा, भांड्याचा आकार घेणारा. अक्षर मोठं केलं की ओळी नव्याने लागतात. पीडीएफ म्हणजे पानाचा फोटो समजा. डेमी आकाराचं पान सहा इंचांत कोंबलं की अक्षर मुंगीएवढं होतं, मोठं करावं तर ओळ पडद्याबाहेर जाते आणि वाचक डावी-उजवीकडे सरकवत नांगरणी करत बसतो. दिवाळी अंकाचं विचारूच नका. मोठं पान, दोन-तीन स्तंभ, मध्ये व्यंगचित्र, कडेला चौकट. ज्याला प्रामुख्याने दिवाळी अंक आणि जुनी स्कॅन केलेली पुस्तकं वाचायची आहेत, त्याने दहा इंचांच्या खाली येऊच नये. आणि दहा इंची ई-इंकची किंमत ऐकून घाम फुटला, तर घरातला टॅबलेट खुशाल वापरावा. लेखकाने हे इतक्या स्पष्टपणे लिहिलेलं नाही, म्हणून मी लिहितो.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण ती न कळल्यामुळे लोक यंत्राला शिव्या देतात. नव्वदच्या दशकापासून मराठी पुस्तकं ज्या डीटीपी फॉन्टांत लागली, त्यांच्या फायलींत मराठी अक्षरं नव्हतीच. रोमन अक्षरांच्या घरांत मराठी आकार भरलेले असायचे, म्हणजे पडद्यावर ‘क’ दिसला तरी फाइलच्या पोटात भलतंच काही. अशी फाइल युनिकोडमध्ये आणताना रूपांतराच्या यंत्रात चाळण होते: रफार एक घर सरकतो, अनुस्वार शेजाऱ्याकडे जातो, जोडाक्षराचा पाय मोडतो. मग कोणीतरी पुन्हा पहिल्यापासून प्रूफ वाचायला हवं. छापील आवृत्तीची प्रुफं कधीच वाचून झालेली असतात, मग पुन्हा पैसे कशाला, असं म्हणून ते वाचलंच जात नाही. मग वाचक तीनशे रुपयांचं ई-पुस्तक घेतो आणि दर पानाला ठेचकाळतो. तो दोष रीडरचा नसतो. ओळखायची युक्ती लेखकाने छान दिली आहे: तोच शब्द दुसऱ्या पुस्तकात नीट दिसतो का पाहा. दिसला तर यंत्र निर्दोष, प्रकाशकाला पत्र लिहा. आणि ते खरंच लिहा. पत्रं आली की आमच्यासारख्यांना काम मिळतं.

यंत्राचाही दोष असायचा, तो मी सुरुवातीला सांगितला. देवनागरी लिपी म्हणजे अक्षरांची नुसती रांग नाही. पहिली वेलांटी उच्चारात नंतर आणि लिहिताना आधी, उकार खाली, मात्रा वर, जोडाक्षरातला र चार जागी चार रूपांत. हे जुळवून देणारा भाग यंत्रात असावा लागतो, आणि रोमन लिपीसाठी बनवलेल्या सुरुवातीच्या रीडरांत तो धड नव्हता. किंडल पहिल्यांदा बाजारात आला तेव्हा ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःची जागासुद्धा नव्हती. ती २००८ मध्ये मिळाली. आता परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. तरी दुसऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका. मी या पुस्तकासाठी एक वाक्य करून दिलं आहे, ते ईपबमध्ये घालून कोणत्याही रीडरवर उघडून बघा: ‘दुसऱ्या दिवशी कुऱ्हाडी घेतलेले शेतकरी ज्ञानोबांचा गजर करत दऱ्याखोऱ्यांत उतरले, ॲल्युमिनियमच्या डब्यांत कुळथाचं पीठ होतं.’ वाङ्मयदृष्ट्या सुमार वाक्य आहे, पण त्यातून सुखरूप बाहेर पडणारं यंत्र मराठीत सहसा अडत नाही. कोबोवर किंवा पॉकेटबुकवर हे वाक्य मोडलं, तर ‘कोरीडर’ नावाचा मुक्त प्रोग्राम घालून पाहण्याचा उपाय आहे. तो कसा घालायचा, ते आत सविस्तर आलं आहे.

पडद्याच्या बारकाईबद्दल लेखकाशी माझं पूर्ण एकमत. इंचाला ३०० ठिपके, त्याखाली नको. इंग्रजीत १६७ ठिपक्यांच्या जुन्या पडद्यावर चालून जायचं. आपल्याकडे शिरोरेषेच्या वरचं एवढंसं टिंब गेलं की अनेकवचनाचं एकवचन होतं, आणि पहिली-दुसरी वेलांटी ओळखू आली नाही तर दिनाचा दीन होतो. रंगीत ई-इंकच्या बाबतीत मात्र मी लेखकाच्या विरुद्ध आहे. २०२४ मध्ये कोबोने आणि पाठोपाठ किंडलने रंगीत रीडर काढले. त्यात काळं अक्षर ३०० ठिपक्यांचं असलं तरी रंग निम्म्याच बारकाईने उमटतो, आणि रंगासाठी वर घातलेल्या गाळणीमुळे पान किंचित मळकट दिसतं. नुसती कादंबरी वाचणाऱ्याने त्यासाठी जादा पैसे का मोजावेत, हे मला तीन प्रुफं वाचूनही समजलेलं नाही. मुलांची चित्रांची पुस्तकं असतील तर गोष्ट निराळी.

आमच्या आत्यांचं वय एक्याऐंशी. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर छापील पुस्तक सुटलं होतं. त्यांना रीडर दिला तो अक्षर मोठं होतं म्हणून, पण त्या खूश झाल्या वजनावर. सहाशे पानांची बांधीव कादंबरी छातीवर धरून वाचताना मनगट भरून येतं; हे यंत्र दोनशे ग्रॅमच्या आसपास. तक्रार त्यांनी एकच केली. अक्षर मोठं केलं की अभंगाचा चरण मध्येच तुटतो आणि ‘तुका म्हणे’ भलत्याच ओळीत जाऊन बसतं. याला आज चांगला उपाय नाही. आडवा पडदा धरावा, एवढंच. शब्दावर बोट ठेवून अर्थ पाहण्याची सोय इंग्रजीत मोठी आहे. मराठीत ती लंगडी पडते, कारण कोशात ‘झाड’ असतं आणि पुस्तकात ‘झाडाखालच्याला’. सामान्यरूप सोडवून मूळ शब्द शोधणारा कोश रीडरमध्ये येईल तेव्हा मी नवं यंत्र घेईन.

या पुस्तकातली मॉडेलांची नावं दोन-तीन वर्षांत शिळी होतील. लेखकालाही हे माहीत आहे, म्हणून त्याने तुलनेचे तक्ते शेवटच्या सोळा पानांत एकत्र ठेवले आहेत. पुढच्या आवृत्तीत तेवढा एक फर्मा बदलला की झालं. त्या तक्त्यांच्या आधी चार पानं कोरी आहेत. ती छपाईची चूक नाही, प्रूफ मीच पाहिलं आहे. पुढच्या वर्षभरात तुम्हाला खरोखर वाचायची असलेली वीस-पंचवीस पुस्तकं तिथे लिहा आणि प्रत्येकासमोर ते कुठे मिळतं ते लिहा: ॲमेझॉन, बुकगंगा, मोफत ईपब, पीडीएफ, की फक्त कागद. कागदाचा रकाना सर्वांत लांब झाला, तर रीडर घेऊ नका. त्या पैशांत ग्रंथालयाची वर्गणी भरा. नाहीतर यादी खिशात घालून तक्त्यांकडे वळा. आणि लिहायचं ते पेन्सिलीने.